‘कुंग फू हसल’ची मराठी सबटायटलं: घरमालकीणबाईंच्या नावाचा गुंता सुटला

मंडळी, ‘कुंग फू हसल’ या हाँगकाँगच्या चित्रपटाची मराठी सबटायटलं करताना तीन आठवडे अडून बसलेली ओळ काल रात्री सुटली. मागच्या नोंदीत मी म्हटलं होतं की टायमिंग सेकंदाला २३.९७६ वरून २५ फ्रेमवर आणून झालं आहे, आता नुसती भाषा राहिली. ती ‘नुसती’ भाषाच सगळा वेळ खाऊन गेली.

आधी एक गोड बातमी. लहानपणी नायक सिंग भिकाऱ्याकडून जी पुस्तिका विकत घेतो, तिच्यातल्या विद्येला इंग्रजीत ‘बुद्धिस्ट पाम’ म्हटलंय. मूळ कँटनीज ‘यू लोई सान जेउंग’. त्यातला ‘यू लोई’ म्हणजे चक्क तथागत! हा शब्द आपल्याकडे गावोगावच्या कमानींवर लिहिलेला असतो. ‘तथागताचा दिव्य तळहात’ असं टाइप केलं आणि शेवटच्या मारामारीत ढगांमध्ये बुद्धाची आकृती दिसते तिथपर्यंत पुन्हा पाहिलं. त्या दृश्याला इतका नेमका शब्द मिळाल्याचं सुख अजून उतरलेलं नाही.

वस्तीचे प्रसंगही भराभर झाले. मधलं अंगण, भोवती गॅलऱ्या, डोक्याला साबण फासलेला असताना गेलेलं पाणी आणि वरून ओरडणारी घरमालकीण. चाळीत वाढलेल्या माणसाला तिथे शब्दकोश लागत नाही. फक्त तिला मालवणी बोलायला लावायचा मोह आवरला. ती शांघायचीच राहिली पाहिजे.

आता मुख्य अडचण. घरमालक आणि घरमालकीण यांची खरी ओळख उघड होते तेव्हा त्यांची नावं निघतात: यँग ग्वो आणि सिउ लुंग नुई. हाँगकाँगचे लेखक जिन योंग यांच्या कादंबरीतली ही प्रेमी जोडी. ‘मिंग पाओ’ हे वृत्तपत्र १९५९ मध्ये सुरू झालं ते याच कादंबरीच्या क्रमशः प्रकाशनासह, तेव्हा हाँगकाँगमध्ये ही नावं घरोघरची आहेत. तो देखणा, ती अप्सरेसारखी, सोळा वर्षांचा विरह. आणि पडद्यावर केसांत कर्लर, ओठांत सिगरेट असलेल्या बाई आणि त्यांचा मार खाणारा नवरा! सगळा विनोद या दोन नावांत आहे.

इंग्रजी सबटायटलांत तिथे ‘पॅरिस आणि ट्रॉयची हेलन’ येतात. हशा मिळतो, पण कादंबरी गायब होते. पाश्चात्त्य समीक्षा वाचताना मला हेच सलतं. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटाचं वर्णन जॅकी चॅन, बस्टर कीटन, टॅरंटिनो आणि बग्ज बनी एकत्र आल्यासारखं केलं आणि चारपैकी तीन तारे दिले. कौतुक मनापासूनचं आहे, पाठलागाच्या दृश्याला ते लागूही पडतं. पण पाश्चात्त्य प्रेक्षक कार्टूनवर हसत होता. हाँगकाँगचा प्रेक्षक त्याच वेळी आपल्या वाचनावर आणि १९७३ च्या ‘हाउस ऑफ ७२ टेनंट्स’ या चित्रपटाच्या आठवणीवरही हसत होता. २००५ च्या हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत १६ नामांकनं आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा पुरस्कार मिळाले, त्यामागे ही ओळखही असणार, असं माझं ठाम मत आहे.

मी पहिल्यांदा ‘नल आणि दमयंती’ टाकलं. विरह जुळतो, सौंदर्य जुळतं. आत्याला बसवून दाखवलं, ती खळखळून हसली. दोन दिवस मी खूश होतो. मग जाणवलं की पॅरिस-हेलनवर चिडून मीही तेच केलं होतं.

मग अर्थ घेतला: ‘नागकन्या’. लुंग म्हणजे ड्रॅगन, नुई म्हणजे कन्या. दिसायला छान, पण तो टाइप करताना हात थांबला. ब्रूस ली यांचं कँटनीज नाव ली सिउ लुंग! घरमालकीणबाई त्यांच्याच लकबी करून दाखवतात. घरमालक झालेले युएन वा त्यांच्यासाठी स्टंट करायचे. आणि खलनायक ‘बीस्ट’ झालेल्या नटाचं नाव लेउंग सिउ लुंग. ‘सिउ लुंग’ हा आवाज पुसला तर हा सगळा धागा तुटतो. तेव्हा नाव मूळचंच ठेवायचं, हे पक्कं झालं.

पण अनोळखी नावावर आत्या हसणार कशी? वर टीप टाकून पाहिली. ओळ जेमतेम दोन सेकंद टिकते, डोळे कुठे कुठे फिरणार? त्यात एजिसब हे सबटायटलांचं सॉफ्टवेअर तीन शब्दांतच ‘वाचायला फार लांब’ म्हणून लाल पट्टी दाखवतं. तिच्याकडे लक्ष देऊ नका, मोठ्याने वाचून घड्याळ लावा.

उत्तर एका ‘ती’मध्ये निघालं. ‘प्रेमकथेतली ती जोडी आम्हीच! यँग ग्वो, सिउ लुंग नुई.’ ‘ती’ म्हटलं की ही माणसं प्रसिद्ध आहेत हे कळतं, आणि समोरचे दोन चेहरे बाकीचं काम करतात. आत्या यावेळी कमी हसली, पण तिने विचारलं, “कुठली रे गोष्ट ती?” मला हेच हवं होतं.

एजिसबमध्ये ओळ दोन ठिकाणी तोडली आहे. फाँट ‘एक टाइप’चा ‘मुक्त’च, लहान आकारातही जोडाक्षरं त्याच्याइतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्या फाँटमध्ये मला दिसली नाहीत. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर मात्र ‘क्ष’ फोडतो, म्हणून लॅपटॉप जोडूनच पाहतो.

आज वस्तीतल्या ‘डोनट’ या पात्राच्या नावाला हात घालणार होतो. मूळ ‘यौ जा ग्वाय’, पेजेबरोबर खायची पिठाची तळलेली कांडी. शब्दशः ‘तेलात तळलेलं भूत’. ‘डोनट’च ठेवायचं ठरलं होतं, पण आता ‘तळलेलं भूत’ डोक्यातून जात नाही. म्हणजे त्याच्या सगळ्या ओळी पुन्हा उघडायच्या. उघडतो.