ग्रीनिचच्या भिंतीवरचे डंकर्क

लंडनच्या मुक्कामातला एक अख्खा दिवस मी ग्रीनिचसाठी राखून ठेवला होता. टॉवरजवळच्या धक्क्यावरून बोट पकडली आणि थेम्समधून ग्रीनिचला उतरून थेट क्वीन्स हाउस हे चित्रदालन गाठले. या पांढऱ्या वास्तूत १६७० च्या दशकात राजा दुसऱ्या चार्ल्सने व्हॅन दे वेल्डे या डच पितापुत्रांना चित्रशाळेसाठी जागा दिली होती. त्यांतले वडील भर लढाईत लहानशा होडीत बसून जहाजे कागदावर टिपत. युद्धचित्रकाराचा पेशा सरकारदरबारी रुजू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मला ओढ होती ती मात्र रिचर्ड युरिच या ब्रिटिश चित्रकाराच्या १९४० सालच्या, डंकर्क या फ्रेंच बंदरातल्या माघारीच्या चित्राची. व्हॅन दे वेल्डे आणि टर्नर यांची सागरचित्रांची परंपरा पुढे चालली पाहिजे, असे ब्रिटनच्या युद्धचित्रकार समितीला लिहून त्याने हा विषय स्वतः मागून घेतला होता. २६ मे ते ४ जून या दिवसांत नौदलाने आणि शेकडो लहानमोठ्या बोटींनी जर्मन फौजांनी कोंडलेल्या ३,३८,००० हून अधिक सैनिकांना तिथल्या किनाऱ्यावरून सोडवून आणले. चित्रात धुराचा काळा लोट आभाळ व्यापून राहिला आहे आणि त्याखालचा समुद्र मात्र निळा, जवळजवळ शांत आहे. मी अगदी जवळ गेले तेव्हा दुरून रेघांसारखे दिसणारे ठिपके माणसे झाले. कुंचल्याच्या टोकाने टेकवलेला एकेक ठिपका म्हणजे बोटीची वाट पाहणारा एकेक जीव! लढण्यासाठी बांधलेल्या विनाशिका येथे माणसे उचलून नेण्याच्या कामाला लागल्या आहेत, आणि म्हणूनच हे चित्र मला इतर सागरी युद्धचित्रांहून वेगळे वाटते.

हे चित्र ब्रिटिश नौदलाला इतके आवडले की त्या वर्षीच्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर त्यांनी ते छापले. युरिचच्याच १९४२ च्या दुसऱ्या एका चित्राच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पाणतीराने बुडवलेल्या जहाजातून वाचलेल्यांचे ते चित्र आता टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे आणि त्याची एक छापील प्रत मी वहीत घालून नेली होती. बाकावर बसून मी ती उघडली. उलटलेली होडी, तिच्या पाठीवर गलितगात्र होऊन पडलेली माणसे आणि भोवती अफाट पाणी. चर्चिल यांनी या चित्राची वाखाणणी केली होती. तरीही ते पाहून व्यापारी जहाजांवर कोणी भरती होणार नाही, या धास्तीने युद्ध संपेपर्यंत ते लोकांसमोर येऊ दिले गेले नाही. भरतीची अडचण खरी होती, हे मी समजू शकते; पण सुटकेचे दुरून दिसणारे दृश्य घरोघरी पाठवायचे आणि सुटका ज्यांच्यासाठी असते त्यांचे चेहरे झाकून ठेवायचे, हे मला आजही पटत नाही.

माझे आजोळ रत्नागिरीकडचे. तिथे ‘बोटीवर असतो’ एवढे म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही. त्या काळी ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर कोळसा ओढणाऱ्या, डेक धुणाऱ्या खलाशांत कोकणातले पुष्कळ लोक होते आणि पाणतीर त्यांच्याही जहाजांवर आदळत होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मृत्यू आलेल्या, कबरही न लाभलेल्या अविभक्त भारताच्या नौदलातील आणि व्यापारी जहाजांवरील ६,००० हून अधिक जणांची नावे ज्या स्मरणवहीत आहेत, तिची एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे आणि दुसरी चितगावला. युरिचच्या होडीवरची माणसे कोणत्या गावची, हे चित्र सांगत नाही. मी मात्र वहीतल्या त्या छापील चित्राकडे पाहताना आजोळच्या खाडीवरचे चेहरे आठवत राहिले, आणि दालन बंद होण्याची वेळ झाल्याचे सांगायला रखवालदार आला तेव्हाच उठले.