कान्होजींच्या मागे अलिबागभर, आणि माझा भांगाचा घोळ

गेल्या हिवाळ्यात डोक्यात आलं की मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्र्यांच्या जागा अलिबागमध्ये चालत बघायच्या, रिक्षा नाही काही नाही. मांडव्याहून बसने स्टँडवर उतरलो आणि सरळ छत्रीबाग. म्हणजे सुरुवातच शेवटापासून, कारण तिथे त्यांची समाधी आहे (४ जुलै १७२९ ला गेले). आंग्रे घराण्यातल्या बाकीच्यांच्याही समाध्या तिथेच. बाहेर गाड्यांचा नुसता कलकलाट आणि आत एकदम शांत, बरं वाटलं.

मग हिराकोट हा छोटा किल्ला. १७२० मध्ये कान्होजींनीच बांधला, पण बरीच वर्षं आत जेल, त्यामुळे बाहेरूनच ते काळे धोंडे बघायचे आणि पुढे निघायचं.

खरा घोळ पुढे झाला. कुलाबा किल्ला समुद्रात, ओहोटीलाच चालत जाता येतं. मी आपला हुशार, तिथीला पाऊणने गुणायचं म्हणजे भरतीची वेळ येते हे माहीत होतं. अष्टमी होती, आठ पाऊणे सहा, सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी, मस्त. साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो तर मध्ये पाणीच पाणी! साडेबारापर्यंत थांबलो, घोट्यापासून सुरू होऊन मांडीपर्यंत लागतंय. जाळं आवरणारे एक मामा बघत होते, म्हणाले, "आज नाय सुकायचं भाऊ, भांग हाय. उधाणाला या." तेव्हा कळलं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. माझी वेळ बरोबर होती, दिवस चुकला होता. उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अमावास्या-पौर्णिमेला. पण तेव्हा ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास, मुंबईहून येणाऱ्याने करायचं काय?

मग तृतीया-चतुर्थी बरी पडते असं हिशोबाने निघालं, उधाण फार मागे पडलेलं नसतं आणि ओहोटी साडेआठ-नऊला. पुढच्या महिन्यात वद्य चतुर्थीला गेलो, आदल्या रात्रीच मुक्कामाला, आणि या वेळी किल्ला आधी. चप्पल हातात, ओली वाळू, पाणी जेमतेम घोट्याला. संकष्टी असल्याने दर्शनाला निघालेली माणसं पुढेमागे होतीच.

तटाजवळ गेलात तर दगड नीट बघा, मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही, लाट आदळली की पाणी फटीतून आत मुरतं आणि जोर जिरतो. आत रघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ, बाजूला पुष्करणी, आणि समुद्राच्या मध्यात असूनही गोड्या पाण्याची विहीर. याच किल्ल्यावर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. इंग्रज कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणायचे, कारण काय तर दस्तक (परवाना) घेतल्याशिवाय जहाजं जाऊ देत नव्हते म्हणून! आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यावर बोट फिरवून अक्षरं वाचली तर यॉर्कशायर, इंग्लंड. मी तर हसलोच.

शेजारचा छोटा किल्ला सर्जेकोट तटावरूनच पाहिला, कारण दहा वाजून गेले होते आणि वाळूवरचे ओघळ आता उलटे, किनाऱ्याकडे वाहायला लागले होते. परत आलो तेव्हा पाणी गुडघ्याला.