आमची वाटचाल : कॉमेंट ठळक, बाकी शांत

सांगलीत आमचं छोटं ऑफिस आहे. पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, मार्चअखेरीला आणि वार्षिक सभांच्या आधी झोपेला रामराम ठोकतो, बाकी वर्ष एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) चालतं. कोड एडिटरसाठी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी, रंगांची थीम (कोडच्या कुठल्या भागाला कुठला रंग) करणं हा आमचा धंदा नव्हे, आजही नाही. पण नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला आली की मशीनवर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेपाठोपाठ आमची थीम चढते, आणि ओळखीचे फर्मवाले तिच्याबद्दल विचारत असतात. म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-प्रोग्रॅमिंगच्या साधनावर झाली. त्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची सर्वमान्य पद्धत, नव्हतं. छापील अहवालात मराठी दिसायचं ते खास फॉन्टच्या जोरावर. तोच मजकूर प्रोग्रॅममध्ये उघडला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. साहजिकच कॉमेंट, म्हणजे कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, लिहायच्या त्या रोमन लिपीत, तुटक तुटक, आणि बऱ्याचदा नाहीच. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये थांबवला. त्यानंतर आम्ही एकेक मॉड्यूल पायथॉनमध्ये आणलं, एडिटर म्हणून व्हीएस कोड घेतला, आणि कोडच्या शेजारी पहिल्यांदा धड मराठी लिहिता आलं.

आमच्या कामात कॉमेंटला वजन आहे. लाभांशाच्या हिशेबात १५ हा आकडा येतो. तो का, हे कोड कितीही वाचलं तरी कळत नाही. निबंधकांच्या मंजुरीशिवाय १५ टक्क्यांहून जास्त लाभांश देता येत नाही, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ६७ सांगतं. एखाद्या संस्थेचा व्याजदर महिन्याच्या मधल्याच तारखेला बदलतो, कारण संचालक मंडळाचा तसा ठराव झालेला असतो. ही सगळी कारणं कॉमेंटमध्ये. आणि मोनोकाय (२००६) घ्या नाहीतर सोलराइज्ड (२०११), दोन्ही देखण्या थीम, पण कॉमेंट मात्र मागच्या बाकावर बसवलेली. नवीन माणूस ती न वाचताच खालच्या ओळीला हात घालतो.

त्यात देवनागरीचे स्वतःचे हाल. कितीतरी थीम कॉमेंट तिरपी करतात. देवनागरी फॉन्टमध्ये तिरपा साचा सहसा नसतो, मग एडिटर सरळ अक्षरंच ओढून वाकवतो आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर रेलतात. विंडोजवर कोडसाठी बहुधा कन्सोलास असतो. त्यात देवनागरी नाही, म्हणून मराठी अक्षरं निर्मला यूआयसारख्या दुसऱ्याच फॉन्टमधून येतात. अशी बारीक अक्षरं फिकट राखाडीत म्हणजे वाचूच नका असं सांगणं. आम्ही कॉमेंटचा तिरपेपणा काढून टाकला. ओळींमधलं अंतर वाढवलं, उकार आणि रफार एकमेकांत घुसू नयेत म्हणून. हे अंतर आणि फॉन्ट आम्ही थीमच्या फाईलमध्ये नाही, एडिटरच्या सेटिंगमध्ये लिहितो; थीम उतरवून घेणारे नेमकं तेवढं विसरतात.

मग रंग. डोळ्याला बरा वाटतो म्हणून रंग घेण्याचा काळ लवकर संपला, कारण प्रत्येकाचा डोळा वेगळा. आम्ही डब्ल्यूसीएजीचं (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचं) गणित धरलं : साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा. त्या सूत्रात हिरव्याचा वाटा ०.७१५२, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा अवघा ०.०७२२. म्हणून शुद्ध निळा काळ्यावर २.४४ च्या आसपास अडकतो. कीवर्डना (इफ, रिटर्न असे भाषेचे राखीव शब्द) तो दिला की डोळे ताणून बसा. निळा हवाच असेल तर त्यात पांढरा मिसळून आकाशीकडे न्यावा लागतो.

पण खरा फायदा रंग कमी केल्यावर झाला. कीवर्डना आम्ही रंगच दिला नाही. इफ आणि रिटर्न शोधत कोणी फाईल उघडत नाही, ते आपोआप दिसतात. रंग उरले स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर), आकडे व स्थिरांक (न बदलणाऱ्या किमतींची नावं), फंक्शनची व्याख्या आणि कॉमेंट यांना. त्यातही कॉमेंट सगळ्यांत उजळ, पिवळी. व्हीएस कोडचं टेक्स्टमेट ग्रामर, म्हणजे कोडचे तुकडे ओळखण्याचे नियम, रेजेक्सवर (अक्षरांच्या साच्यांवर) चालतं, त्याला नावाचा अर्थ कळत नाही, पण सगळी कॅपिटल अक्षरं असलेलं पायथॉनमधलं नाव ते स्थिरांक म्हणून ओळखतं. आमच्या व्याजदरांना तेवढं पुरतं. सिमँटिक हायलायटिंग, म्हणजे नावाचा अर्थ बघून रंग देणं, आम्ही बंद ठेवलं : फाईल उघडल्यावर रंग मागाहून बदलतात, आणि मला ते बिलकूल आवडत नाही. टोकन (कोडचा एकेक तुकडा) तपासण्याची कमांड मात्र थीम करणाऱ्याने पहिली शिकावी, कुठला रंग कुठल्या नियमातून आला हे तीच सांगते.

उजेडातली, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीची आवृत्ती नंतर आली, कारण आमच्या खिडक्या पश्चिमेला आणि दुपारी काळा स्क्रीन म्हणजे आरसा. रंग नुसते उलटवून भागत नाही. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर १.०७, म्हणजे गायबच. तिथे कॉमेंटच्या अक्षरांचा रंग बदलून गडद तपकिरी केला.

सध्या डिफचं, म्हणजे कोडच्या दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या रंगांचं, काम चालू आहे. काढलेली ओळ लाल आणि घातलेली हिरवी ही जोडी आमच्याच एका सहकाऱ्याला वेगळी ओळखता येत नाही, म्हणून निळा आणि नारिंगी लावून बघतोय. थीम फुकटच राहील. पैसे पतसंस्थाच देतात, तेही आठवण करून दिल्यावर.