बीएसए बी३१ : गरम झाली की बंद पडणारी मॅग्नेटो

बीएसए बी३१ ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल, आणि मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं तिचं जनित्र. गाडी थंड असताना दुसऱ्या किकला चालू होते, दहा-बारा किलोमीटरवर फटफट करत बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा जशीच्या तशी. हे लक्षण दिसलं की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. मीही ॲमलचा कार्ब्युरेटर उघडला. जेट साफ, फ्लोट व्यवस्थित, पेट्रोल धो धो येतंय. तो वेळ फुकट गेला, कारण निदान रस्त्याच्या कडेलाच होतं. गाडी बंद पडली त्याच क्षणी प्लग काढून हेडला टेकवायचा आणि किक मारायची. प्लगला ठिणगी पिवळट, मरतुकडी आणि पॉइंटमध्ये (ठिणगीच्या वेळी उघडणाऱ्या संपर्कात) मात्र निळी चमक, तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ही चमक दाबणारा भाग, गेलेला असतो.

अडचण अशी की तो बाहेर कुठे लावलेला नाही. ल्यूकासच्या मॅगडायनोत (मॅग्नेटो आणि डायनमोची जोडी) कंडेन्सर आर्मेचरच्या, म्हणजे फिरत्या गाभ्याच्या आत, कॉइलसोबत फिरत असतो. तो बदलायचा म्हणजे मॅग्नेटो पूर्ण खोलायची. (बी३१ ची शेवटची, १९५८ च्या सुमाराची अल्टरनेटर आणि कॉइलवाली मॉडेलं यातून सुटली.)

पाने आधी जमवा. नट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. पाव इंची व्हिटवर्थला १३ मिमीचा पाना बसत नाही आणि १४ चा सैल होऊन कोपरे खातो.

टायमिंग कव्हर काढलं की मॅग्नेटोचा गिअर दिसतो. तो टेपरवर बसलेला असतो, चावी नाही. नट काढून पुलर लावायचा. स्क्रू-ड्रायव्हरने मागून उचकटू नका. मॅगडायनो टेबलावर आली की वरचा डायनमो सोडवून बाजूला ठेवा, त्याचा इथे संबंध नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी जागा. आर्मेचर ओढण्याआधी तीन गोष्टी बाहेर काढायच्या: हाय टेन्शनचा पिकअप, अर्थचा कार्बन ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू. पिकअप समोरच दिसतो, म्हणून तो निघतो. बाकीचे दोन बॉडीत बारीक स्क्रूसारखे दिसतात आणि विसरले जातात. त्यांची टोकं आत स्लिप रिंगच्या (पिकअपला वीज देणारी आर्मेचरवरची कडी) कडेपर्यंत पोचलेली असतात. आर्मेचर ओढलं की रिंगची कड तुटलीच. मी आणलेल्या मॅग्नेटोची रिंग आधीच्या कुणीतरी अशीच तोडून वर एपॉक्सी फासून ठेवली होती.

बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगखाली कागदी इन्सुलेशन आणि शिम (पातळ चकत्या) असतात. कुठला कागद कुठून निघाला ते लिहून ठेवा. आर्मेचर निघताच पोकळीत दोन्ही ध्रुवांना जोडणारा लोखंडी तुकडा बसवला, म्हणजे चुंबक कमजोर होत नाही.

मीटरवर प्रायमरी साधारण अर्धा ओहम आणि सेकंडरी पाच-सहा हजार ओहम दाखवत होती, म्हणजे कॉइल शाबूत. पण थंड आर्मेचरच्या आकड्यांवर जाऊ नका. हेअर ड्रायरने हाताला सोसवेनासं होईपर्यंत तापवून पुन्हा मोजा. माझा कंडेन्सर गरम झाल्यावर मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) सरळ गळत होता. शिवाय बोटांना चिकट लागलं. जुन्या कॉइलवर लाखेचं वॉर्निश असतं, ते उष्णतेने मऊ होतं आणि प्रसंगी आर्मेचर बॉडीला चिकटून जाम होतं. म्हणून वायंडिंगवाल्याकडे कॉइलही नवीन करून घेतली, लाखेऐवजी इपॉक्सीत. कंडेन्सर पल्स सोसणाऱ्या जातीचा, ०.१८ मायक्रोफॅरडच्या आसपासचा हवा. कारचा साधा कंडेन्सर आत मावतच नाही.

जोडताना स्लिप रिंग पेट्रोलच्या फडक्याने पुसा, बोटाचा तेलकट ठसाही नको. आर्मेचर सहज फिरावं, पण पुढे-मागे हलता कामा नये; हललं तर शिम कमी-जास्त करा. प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच लावा. पिकअपमधला स्क्रू वायरीत टोचून जोड धरतो, कार्बनच्या वायरीत तो जोड टिकत नाही.

मग टायमिंग. आधी पॉइंट पूर्ण उघडून गॅप ०.०१२ इंच. गॅप नंतर बदलला तर टायमिंगही हलतं, म्हणून हा क्रम उलटा करू नका. ठिणगी पूर्ण ॲडव्हान्सला (सर्वांत लवकरच्या स्थितीत) टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर येण्याच्या ७/१६ इंच, म्हणजे ११ मिमी आधी. बी३१ चा प्लग तिरका आहे, त्यामुळे भोकात स्पोक घालून घेतलेलं माप फसवतं. मी प्रायमरी कव्हर उघडून क्रँकवर डिग्री डिस्क लावली. ११ मिमी म्हणजे साधारण ३७ अंश. प्लगच्या भोकात स्टॉप बसवून इंजिन हलकेच दोन्हीकडून टेकवलं आणि दोन आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. स्ट्रोक कॉम्प्रेशनचाच हवा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले.

हँडलवरचा लिव्हर कुठल्या टोकाला ॲडव्हान्स हे गृहीत धरू नका, कुणी केबल बदललेली असते. लिव्हर हलवून बघा. ज्या टोकाला पॉइंट लवकर उघडतात ते ॲडव्हान्स. पॉइंटला बल्ब लावून बघण्यातही अर्थ नाही, अर्ध्या ओहमच्या कॉइलमधून तो दोन्ही वेळा पेटतो. सिगरेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा. तो नुकता सुटतो तीच वेळ.

टॉप गिअरमध्ये मागचं चाक फिरवून इंजिन डिस्कवरच्या ३७ अंशांच्या खुणेच्या मागे न्या आणि पुढे आणत खुणेवर थांबा, म्हणजे गिअरांमधला ढिलेपणा एका बाजूला जातो. पॉइंट सुटण्याच्या क्षणी गिअर टेपरवर पाइपच्या तुकड्याने एक टोला देऊन बसवा, नट आवळा आणि पुन्हा तपासा. नट आवळताना गिअर दोन-तीन अंश सरकतोच. मला तिसऱ्या खेपेला जमलं.

प्लगचा गॅप ०.०२० इंचाच्या आत ठेवा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पॉइंट पुन्हा मोजा. फायबरची टाच घासून बसते आणि गॅप कमी होतो, माझा ०.०१० वर आला होता.