चार नंबरच्या खिडकीचं सिल तिसऱ्यांदा कुजलं, पण या वेळी चोर सापडला

मागच्या वेळी चार नंबरच्या खिडकीच्या सिलबद्दल, म्हणजे चौकटीच्या तळाच्या, बाहेर डोकावणाऱ्या आडव्या लाकडाबद्दल, मी किती फुशारकी मारली होती, ते काही जणांना आठवत असेल. ठिगळ असं बसलंय की सांध्यावर नख फिरवलं तरी अडत नाही, असं लिहिलं होतं. नखाचं जाऊ द्या. परवा त्याच सांध्यात टोचा अर्धा इंच आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. वरचा रंग एकदम ठणठणीत, आणि आत लाकडाचा भुगा.

सिलच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या कडेचा, डाव्या बाजूचा दीड फूट, त्याच जागी, तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला कुजका भाग खरवडून इपॉक्सी (वाळून कडक होणारं भराव-रसायन) भरलं होतं, ते दुसऱ्या पावसात कडेनं सुटलं. दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं म्हणून कुजलेलं सगळं कापून सागाचं ठिगळ बसवलं. त्याचेच फोटो मी कौतुकानं दाखवत होतो. ते जेमतेम एक पावसाळा टिकलं.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या माणसांना शिव्या घालण्यात घालवले. आधी लाकूडवाला. ठिगळाचा तुकडा बाहेर काढून आडवा छेद पाहिला, तर एका कडेला चांगला पाऊण इंच पांढुरका पट्टा. म्हणजे पक्कं सारलाकूड म्हणून दिलेल्या फळीत बाहेरचं कच्चं लाकूड घुसवलेलं होतं. सागाचा टिकाऊपणा सगळा आतल्या गाभ्यात. बाहेरचा पट्टा बुरशीला आयतं जेवण. त्या दुकानाची पायरी आता पुन्हा चढायची नाही, हे ठरलं. पण मग लक्षात आलं की कूज फक्त पांढऱ्या पट्ट्यात नाहीये. तिची सुरुवात ठिगळाच्या शेजारी, मूळ जुन्या सिलमध्ये आहे. ते लाकूड तर इतकं दाट वाढीचं की वलयं मोजायला भिंग लागतं. लाकूडवाला हलकट असेल, पण हे पाप त्याचं नव्हे.

मग पाळी इपॉक्सीची. इपॉक्सीबद्दल जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या आपल्या मंडळींत दोन तट आहेत आणि मला त्या भांडणात पुन्हा पडायचं नाही, तरी माझं मत सांगतो. लाकूड ओलाव्यानं फुगतं नि आकसतं, इपॉक्सी आपल्या जागी ढिम्म. कधी ना कधी दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. त्या फटीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. पण फटीपर्यंत पाणी मुळात येतंय कुठून? वरून? सिलचा उतार मी पातळीनं तपासला, बाहेरच्या बाजूला व्यवस्थित आहे. झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीतून? तिथे टोचा टेकवला की परत येतो. इपॉक्सी साथीदार असेल, चोर दुसराच होता.

ओलावामापकाचे आकडे देतो, म्हणजे गंमत कळेल. ठिगळापासून हातभर उजवीकडे १३ टक्के. ठिगळाच्या वरच्या अंगाला १६. आणि त्याच जागी खालून, सिलच्या पोटाला सुया टोचल्या तर २८! साधारण २० टक्क्यांच्या खाली लाकूड राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशीला डोकं वर काढता येत नाही. तिशीच्या आसपास गेलं की तिची दिवाळी. (सुयांचं यंत्र तिशीच्या वर भरवशाचं राहत नाही, आणि जुन्या रंगातल्या धातूनंही आकडा फुगतो, हे धरूनच बोलतोय. पण १६ आणि २८ मधला फरक रंगाच्या माथी मारता येत नाही.) लाकूड वरून कोरडं आणि खालून ओलं. हे मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण मी कधी खाली वाकलोच नव्हतो.

शेवटी साधा तांब्या कामी आला. काचेवर हळूहळू पाणी सोडलं आणि मी खाली उताणा पडून बॅटरी मारली. पाणी सिलच्या नाकावरून आलं, काठाशी क्षणभर थबकलं, आणि खाली टपकण्याऐवजी पोटाला चिकटून उलटं आत सरपटत गेलं. थेट भिंतीपर्यंत. वाटेत ठिगळाचा खालचा सांधा लागला, तो त्यानं आधी पिऊन घेतला. मी तिथे पडल्या पडल्या मोठ्यानं हसलो. पागोळीची खाच! सिलच्या पोटाला, नाकापासून बोटभर आत, कडेला समांतर जाणारी ती एवढीशी गोल खाच. ती असली की सरपटत आलेलं पाणी तिच्या काठाशी अडतं, कारण पुढे जायला त्याला वर चढावं लागतं. मग थेंब जड होतो आणि पडतो. संपलं. ती नसली की पाणी आपल्या चिकटपणाच्या जोरावर सगळं पोट फिरून येतं.

या खिडकीला खाच नव्हतीच का? होती. ठिगळाशेजारचा आणखी दोन इंच भाग करवतीनं कापला आणि छेद उजेडात धरला, तर काळपट सागात खालच्या बाजूला अर्धगोल राखाडी डाग, पेन्सिलच्या जाडीचा. खाच गच्च भरलेली. रंगाचे थर असतील असं वाटलं. नखानं उकरलं, तर लांबी निघाली, म्हणजे काच बसवायची नि भेगा भरायची लुकण. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, बऱ्यापैकी नवी, आणि तिच्यात थोडा गेरू कालवलेला.

लांबीत गेरू कोण घालतं? मी घालतो. पहिल्या खेपेला सिलच्या खाली हात फिरवताना एक लांबलचक भेग बोटांना लागली होती, ती मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मन लावून भरली होती. न बघता! आणि दुसऱ्या खेपेला ठिगळ केलं तेव्हा शेजारचं पोट सपाट दिसलं, म्हणून ठिगळाचं पोटही रंधून सपाट केलं. म्हणजे आधी खाच बुजवली, मग बुजवलेल्या खाचेची इमानदारीनं नक्कल केली. लाकूडवाल्याची पायरी न चढण्याचा निर्णय मात्र कायम आहे.

आता खाच मोकळी करण्याचं काम. लांबीखाली जुना रंग होताच, तोही थरावर थर. इतक्या जुन्या घरात तळाच्या थरांमध्ये शिसं आहे असंच धरून चालावं. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेतसुद्धा बंदी आली ती १९७८ साली, तेव्हा त्याआधीच्या रंगाचा भरवसा कुठेच धरू नये. कोरडी घासाघास नाही, हीटगन (गरम हवेनं रंग सोलणारं यंत्र) तर मी या कामातून कायमची बाद केली आहे. तापमान वर गेलं की शिशाच्या वाफा, आणि वर काचेला तडा. पाण्याचा फवारा मारत ओलं खरवडायचं, खाली प्लॅस्टिक, तोंडावर बारीक धूळ अडवणारा फिल्टरचा मास्क. साध्या कापडी मास्कचा इथे काडीचा उपयोग नाही. हत्यार म्हणाल तर विकतच्या तिन्ही स्क्रेपरनी निराशा केली. एकाचंही नाक त्या गोलाईत बसेना. शेवटी तुटलेलं हॅकसॉ ब्लेड सहाणेवर गोल घासून लाकडी मुठीत ठोकलं. एका दुपारी सगळी खाच साफ! त्या ब्लेडचा मला सध्या इतका अभिमान आहे की ते मी भिंतीवर टांगून ठेवलंय.

नव्या ठिगळासाठी या वेळी बाजारातलं लाकूड घेतलं नाही. मोडक्या झडपेची उभी पट्टी पडून होती, तिच्यातून तुकडा काढला. तेच वय, तीच दाटी, वलयांची दिशा मूळ सिलशी जुळवून. सांधा मागच्यासारखा सरळ काटकोनात नाही. तिरका, आठास एक उतार, आणि तोंड बाहेरच्या बाजूला खाली. पाणी शिरलंच तर उतारावरून बाहेर यावं. सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी दोन्ही तोंडं ॲसिटोननं पुसायची आणि लगेच गोंद लावायचा. उशीर केला की तेल परत वर येतं. आणि कापलेली टोकं! टोकाचं लाकूड बाजूच्या लाकडापेक्षा कितीतरी पटीनं पाणी ओढतं. ठिगळाची दोन्ही टोकं आणि भिंतीत शिरणारा सिलचा कान पातळ केलेल्या तेलानं तीनदा पाजले. (तेलाचे बोळे नेहमीप्रमाणे पाण्यात बुडवून, मग पसरून वाळवले. चुरगळून कोपऱ्यात टाकलेला जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेतो, हे नव्यांसाठी पुन्हा एकदा.)

ठिगळात नवी खाच पाडायचा बेत असा होता की राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग आठ मिलिमीटरची खाच मारायची. याहून फार अरुंद केली तर थेंब दोन्ही काठांना धरून पूल बांधतो आणि पाणी पलीकडे जातं. पण हे लिहिता लिहिता एक शंका आली. खाच थेट भिंतीपर्यंत नेली तर तिच्यात अडकलेलं पाणी खाचेतूनच भिंतीकडे जाणार नाही का? थांबा, दोन नंबरची खिडकी पाहून येतो. तिला आजवर कुणी हात लावलेला नाही.

आलो. दोन नंबरच्या सिलची खाच दोन्ही बाजूंना भिंतीच्या इंचभर अलीकडे थांबते, आणि टोकाशी हळूच उथळ होत जाते. ज्यानं कुणी ती कोरली, त्याला ही शंका माझ्या कितीतरी आधी आली होती. तेव्हा राउटर रद्द. तसाही त्याचा तळवा भिंतीला अडला असता. शेवटचे चार इंच गोल पटाशीनं हातानंच कोरणार.

काचांचं थोडक्यात. सिलच्या भानगडीत झडपाही उतरवल्या होत्या, म्हणून वाफेच्या पेटीचा प्रयोग करून घेतला. तासभर वाफ दिली आणि दगड झालेली लांबी साबणासारखी निघाली. सहातली पाच तावदानं अखंड! सहावं माझ्या घाईनं गेलं. लांबीखाली काच धरणारा एक बारीक खिळा राहिला होता, तो न काढताच उचललं. हळहळ अशी वाटली की विचारू नका. ती लाटांची काच, नळकांडं फुगवून, चिरून, सपाट केलेली. १९५९ नंतर बाजारात आलेली फ्लोट काच त्या जागी लावली की ते एक तावदान बाकीच्यांत मख्ख दिसतं. आणि हो, खालून जाड असते म्हणून जुनी काच 'ओघळते' असं कृपा करून पुन्हा कुणी सांगू नका. ती बनतानाच कमीजास्त जाडीची बनायची. माझ्या पाचांपैकी दोन तर वरून जाड निघाली.

लांबी घरीच मळली. डब्यातल्या तयार लांबीचा मागचा अनुभव असा की वर तेल आणि तळाशी वीट. काचा बसवून नऊ दिवस झाले, लांबीवर साय धरलीय. पण अंगठा टेकवला तर अजून ठसा उमटतो, म्हणून रंगाला आठवडाभर हात लावणार नाही. रंग मारताना काचेवर दोनेक मिलिमीटर चढवायचा, हे या वेळी विसरायचं नाही. मागच्या वेळी ब्लेडनं काठ अगदी स्वच्छ कापून मीच पाण्याला दार उघडून दिलं होतं.

पुढचा बेत होता पाच आणि सहा नंबरच्या झडपा. तो पुढे ढकलला. आधी घरातल्या अकराही सिलांच्या पोटाखाली आरसा धरायचा. आज सकाळी सहा पाहून झाली. दोन ठीक, एकीत कुंभारमाशीचं घर, तीन गच्च. तिनांपैकी दोन रंगानं बुजली आहेत, तिसरीत गेरूवाली लांबी आहे. उरलेल्या पाच वरच्या मजल्यावर, आणि त्यातल्या दोनांना लांबी मीच भरली होती, एवढं आठवतंय. खाली हात घातला होता का, ते आठवत नाही. शिडी उद्या मिळेल.