कर्नलच्या डिबगिंग पानांतलं स्पेलिंग दुरुस्त करताना : माझा अनुभव

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, डॉक्युमेंटेशनमध्ये केजीडीबी, केडीबी या डिबगरची (कर्नलमधल्या चुका शोधायच्या साधनांची) पानं आहेत. तिथलं स्पेलिंग सुधारणं हे पहिल्या पॅचसाठी (पाठवायच्या बदलासाठी) सोयीचं काम, पण वाटतं तितकं सरळ नाही. सुरुवात मी 'डॉक्स-नेक्स्ट' ब्रँचवरून करतो; डॉक्युमेंटेशनचे नवे बदल आधी तिथे जमतात. मुख्य ट्रीवर पॅच बनवला तर तीच चूक कुणीतरी आधीच सुधारलेली निघते.

चुका शोधायला कोडस्पेल हे स्पेलिंग तपासणारं साधन चांगलं. मात्र आपोआप दुरुस्ती करणारा 'डब्ल्यू'चा पर्याय त्याला कधी द्यायचा नाही. डिबगिंगच्या काही पानांत ऊप्सचे (गंभीर चूक झाल्यावर कर्नल छापतो त्या अहवालाचे) नमुने असतात आणि त्यांच्या 'कोड' ओळीत हेक्स बाइट. त्यातला 'बीए'सुद्धा कोडस्पेलला चूक वाटतो! खरी गोम पुढे आहे. कर्नल जो मेसेज छापतो त्यातच स्पेलिंग चुकलेलं असेल, तर पानावरच्या नमुन्यातही ते तसंच ठेवायचं. अडलेला माणूस डीमेसेजमधली (कर्नलच्या मेसेजच्या नोंदीतली) ओळ उचलून शोधतो. आपण शुद्ध केलेली ओळ त्याला सापडणार नाही. म्हणून शब्द बदलण्याआधी मी गिट ग्रेपने (गिटच्या शोधायच्या कमांडने) तो कर्नलच्या सोर्समध्ये पाहतो. तिथे मिळाला, तर तो पॅच वेगळा आणि त्या सबसिस्टिमच्या मेंटेनरकडे, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याकडे. कुणाकडे, ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते.

मथळ्यात चूक असली की आणखी एक भानगड. 'डिबगिंग'मध्ये राहून गेलेला दुसरा 'जी' घातला की मथळा एका अक्षराने वाढतो, खालची बरोबरच्या चिन्हांची रेघ तोकडी पडते आणि ही पानं तयार करणारा स्फिंक्स कुरकुरतो. रेघही एका चिन्हाने वाढवायची. पानं बनवणाऱ्या 'मेक एचटीएमएलडॉक्स' कमांडला 'स्फिंक्सडर्स'मध्ये फक्त आपला फोल्डर दिला की पूर्ण बिल्डची वाट पाहावी लागत नाही. क्रॉस-रेफरन्सच्या लेबलमधलं स्पेलिंग मी सहसा सोडून देतो. बदललं तर त्याकडे बोट दाखवणारी सगळी पानं बदलावी लागतात.

कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या टिपणात) चुकीचा शब्द उद्धृत केला की चेकपॅच, म्हणजे पॅच तपासणारी स्क्रिप्ट, त्यालाच चूक म्हणून दाखवते. तेवढी वॉर्निंग खुशाल सोडा. 'साइन्ड-ऑफ-बाय' ही आपल्या सहीची ओळ मात्र विसरू नका.

पॅच गिट सेंड-ईमेलनेच पाठवायचा. वेबमेलमध्ये चिकटवला की टॅबच्या स्पेस होतात, ओळी मोडतात आणि पॅच लागत नाही. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबून आठवण करावी. मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीचे बदल मुख्य ट्रीत घ्यायचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त. सुधारित पॅचला 'व्ही 2' लावून काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहायचं, म्हणजे ते गिटच्या इतिहासात जात नाही.

तीच चूक बऱ्याच फाइलींत दिसली, तर ती स्क्रिप्ट्समधल्या स्पेलिंगच्या यादीत घालण्यासारखी असते: आधी चुकीचा शब्द, मग दोन उभ्या रेघा, मग बरोबर शब्द, अक्षरक्रमाने. पुढच्या वेळी चेकपॅचच ती पकडते.