३७ नंबर: भाड्याच्या ताफ्यातून घेतलेली डाउनहिल सायकल, सप्टेंबर ते मे

आपल्याकडे ‘बाईक’ म्हटलं की पल्सर डोळ्यासमोर येते, म्हणून मी सायकलच म्हणतो. तीन उन्हाळे कॅनडातल्या व्हिस्लरच्या बाईक पार्कमध्ये भाड्याच्या डाउनहिल सायकलवर काढले; तिथे लिफ्टने डोंगरावर जायचं आणि सायकलने उतरायचं. हेल्मेट आणि आर्मरसकट दिवसाचे दीडशे डॉलरच्या वर जायचे. या उन्हाळ्यात आठव्यांदा पैसे मोजले तेव्हा ठरवलं, की सीझन संपताना दुकानं ताफा विकायला काढतात, त्यातलीच एक घ्यायची.

सप्टेंबर, तिसरा आठवडा

व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीहून हायवे ९९ ने सकाळी आठला व्हिस्लरला पोचलो. दुकानामागे चाळीसेक सायकली रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीच्या टॉप ट्यूबवर नंबराचं स्टिकर. आलेले लोक सरळ सगळ्यात कमी ओरखडे असलेल्या सायकलींकडे वळत होते. मी काउंटरवर जाऊन मीडियम साइजच्या सगळ्या सायकलींची वर्कशॉप कार्डं मागितली. मुलीने आधी विचित्र नजरेने पाहिलं, मग फाईल पुढे ढकलली.

ताफ्यातल्या सायकलीचं मला हेच आवडतं. खासगी विकणारा प्रत्येक जण ‘फार वापरली नाही हो’ असंच सांगतो. ते खरं की खोटं, तपासायचं कसं? इथे मात्र लिहिलेलं होतं: ३७ नंबर, ६१ दिवस भाड्याने, मागचे ब्रेक पॅड पाच वेळा बदलले, पुढचे तीन वेळा, मागचा टायर दोनदा, जुलैमध्ये फोर्कची (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनची) लोअर सर्व्हिस, म्हणजे खालचे पाय उघडून साफ करणं आणि तेल बदलणं, एकदा. पार्कमधला अर्धा दिवस लिफ्टच्या रांगेत आणि खुर्चीवर जातो. दिवसाचे दोन तास प्रत्यक्ष उतरणं धरलं तर सव्वाशेच्या आसपास तास झाले. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी लोअर सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. म्हणजे ती दोनदा व्हायला हवी होती आणि झाली होती एकदाच. हे कळलं म्हणून मी मागे फिरलो नाही. उलट घरी गेल्यावर आधी काय उघडायचं ते ठरलं.

आणखी एक हिशोब होता. डाउनहिल सायकल भाड्याने घेणारे बहुतेक जण ईझी डझ इट आणि बी-लाईन या तुलनेने सोप्या वाटांवर दिवस काढतात आणि वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबून उतरतात. मीही पहिल्या वर्षी हेच केलं, बोटं इतकी आखडली की संध्याकाळी चहाचा कप धरवेना. अशा वापरात ब्रेक भाजून निघतात, पण फ्रेमवर उंच उड्यांचे धक्के कमी बसतात. ए-लाईन या उड्यांच्या वाटेवर दिवसभर उडणारे बहुतेक स्वतःची सायकल आणतात. त्यामुळे ताफ्यातली सायकल वरून जितकी भयानक दिसते तितकी आतून नसते. अपवाद बेअरिंग्जचा, त्याबद्दल पुढे.

टॉर्च आणि फडकं घेऊन तासभर गुडघ्यांवर बसलो. हेड ट्यूबच्या मागचा वेल्ड, शॉक (मागच्या चाकाचं सस्पेन्शन) जिथे बसतो ती जागा, चेनस्टेचा आतला भाग: चिखल पुसून बोट फिरवलं, रंगात केसाएवढी रेघही नव्हती. फोर्कच्या स्टँशनवर (सीलमधून आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवर) एक ओरखडा होता. तिथे नख अडकलं तर सील फाटणार, नुसतं घसरलं तर चालतं. माझं घसरलं, शिवाय ओरखडा अगदी वर, क्राउनजवळ (नळ्या धरणाऱ्या जोडाजवळ) होता. मागच्या रिमला दोन ठिकाणी पोचे होते. स्पोक ताणलेले होते, पण चाक फिरवल्यावर हलकं लचकत होतं.

अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, पुढे २९ आणि मागे २७.५ इंची चाक, २०० मिमी दबणारा रॉकशॉक्सचा बॉक्सर फोर्क, कॉइल (स्प्रिंगचा) शॉक, सात गिअर, ‘कोड’ मॉडेलचे ब्रेक. किंमत २,७५० डॉलर. बीसीमध्ये (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) सायकलवर पीएसटी, म्हणजे प्रांताचा विक्रीकर, नाही, त्यामुळे ५ टक्के जीएसटी धरून २,८८७.५०. नवीन घेतली असती तर साधारण दुप्पट. कंपनीची वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरती असते, म्हणजे माझ्या हाती आली नाही. तेवढं गृहीत धरूनच पैसे दिले.

परत येताना स्क्वॉमिशला थांबून सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी रॅकवर बांधलेली सायकल नीट पाहून घेतली.

‘अरे, गिअर सातच? चढाला काय करतोस?’

‘चढाला लिफ्ट आहे, बाबा.’

‘मग सायकल कसली ती. घसरगुंडी म्हण.’

त्याच संध्याकाळी ५२९ गॅराजवर (सायकल चोरीला गेली तर शोधता यावी म्हणून असलेल्या नोंदणी अ‍ॅपवर) फ्रेम नंबर नोंदवून त्यांचं शील्ड स्टिकर लावलं. व्हँकुव्हर परिसरात सायकल घेणाऱ्याने हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

ऑक्टोबर

आधी फोर्क. खालचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करून रबरी हातोडीने एकेक टोला दिला आणि खाली स्टीलचं पातेलं धरलं (ते आता माझंच झालंय, स्वयंपाकघरात परत घेतलं जात नाही). दोन्ही पायांतून मिळून दोन चमचेसुद्धा तेल निघालं नाही. जे निघालं ते भज्यांच्या कढईत चौथ्या दिवशी उरतं तसं, काळं आणि तळाशी गाळ. आतल्या फोमच्या रिंगा हातात घेतल्या तर बिस्किटासारख्या कोरड्या. जुलैमधल्या सर्व्हिसमध्ये नेमकं काय केलं होतं देव जाणे. नवे सील, तेलात भिजवलेल्या नव्या रिंगा, पुस्तिकेत दिलंय तेवढं मोजून तेल. बुशिंगमध्ये (नळ्या ज्यांत सरकतात त्या आतल्या कड्यांमध्ये) ढिलाई नव्हती, ही मोठी बचत. जोडल्यावर हँडल हाताने दाबलं तर फोर्क आवाज न करता पहिल्या सेंटीमीटरपासून खाली गेला. आधी तो थोडा अडून मग धपकन बसायचा, आणि मी समजत होतो की डाउनहिल फोर्क असाच असतो.

मग बेअरिंग्ज. रोज संध्याकाळी सगळा ताफा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतात, दुसरा उपाय नसतो त्यांच्याकडे. पाणी सीलमधून आत शिरतं, ग्रीस बाहेर येतं आणि वरून सगळं चकचकीत दिसतं. शॉक काढून ठेवला आणि मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) हाताने वर-खाली केला. तो हवेत तरंगल्यासारखा हलायला हवा. माझा मध्येच अडत होता, जात्यात खडा आल्यासारखा. खालच्या लिंकच्या (त्रिकोण फ्रेमला जोडणाऱ्या सांध्याच्या) चारपैकी तीन बेअरिंग्ज बोटाने फिरेनात. एकाचं सील सुईने उचललं तर आतून गंजाचं तांबूस पाणी आलं, गोळ्यांवर ग्रीसचा मागमूस नाही.

आठही बेअरिंग्ज बदलायची ठरवली. खालच्या लिंकमध्ये ६९०२ लागतं, १५ × २८ × ७ मिमी, कुठेही मिळतं. घेताना फक्त ‘मॅक्स’ प्रकारचं घ्या. त्यात गोळ्या वेगळ्या ठेवणारी जाळी नसते, त्या जागी जास्त गोळ्या बसतात. सस्पेन्शनचं बेअरिंग पूर्ण गोल फिरतच नाही, थोड्याशा कोनात मागे-पुढे झुलतं आणि भार मात्र प्रचंड घेतं, म्हणून हे बरं.

बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस विकत घेतला नाही. हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांची सळई, दोन नट आणि जाड वॉशर आणले, आणि इथे माती खाल्ली. पहिलं बेअरिंग किंचित तिरकं शिरलं आणि मी घाईत नट फिरवत राहिलो. फ्रेमच्या खाचेतून अ‍ॅल्युमिनियमची एक बारीक कुरळी साल निघून आली, पेन्सिलला टोक करताना निघते तशी. हात थंड पडले. बेअरिंग बाहेर काढलं, खाच भिंगाखाली पाहिली. ओरखडा कडेपुरताच होता. दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. बेअरिंग्ज रात्रभर फ्रीजरमध्ये, ओल्या नारळाच्या पिशवीशेजारी ठेवली आणि सकाळी बायकोच्या हेअर ड्रायरने खाच तापवली. सगळी बेअरिंग्ज लोण्यात सुरी जावी तशी बसली. हेअर ड्रायरची गोष्ट तिला हे वाचूनच कळेल.

नोव्हेंबर ते मार्च

ब्रेकचं थोडक्यात. कोडमध्ये डॉट ५.१ द्रव असतो. तो हवेतली ओल शोषतो, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि लांब उतारावर लिव्हर मऊ पडत हँडलला टेकतं. सीझनभर भाजलेला द्रव चहासारखा निघाला. मायक्रोमीटरने रोटर (ब्रेकच्या चकत्या) मोजले. माझ्या सेंटरलाईन मॉडेलचा रोटर नवा १.८५ मिमी जाड असतो आणि १.५५ ला फेकायचा. पुढचा १.७२ निघाला, मागचा १.६०. मागचा काठावर पास होता, तरी दोन्ही बदलले, कारण तापून निळे पडले होते आणि फिरवताना घासत होते. पॅड नवे. डॉटचा एक थेंब फ्रेमवर सांडला आणि रंग घेऊन गेला. इतक्या ओरखड्यांत तो आता मलाही सापडत नाही.

स्प्रिंगवर मात्र दोन रविवार गेले आणि त्याचं वाईट वाटत नाही. ताफ्यात प्रत्येक साइजला एकच स्प्रिंग बसवतात, त्या साइजच्या सरासरी माणसासाठी. माझ्यात होती ४५० पाउंडची (एक इंच दाबायला लागतो तेवढा जोर). माझं वजन ६८ किलो, आर्मरसकट ७५ च्या जवळपास. शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दबतो ती लांबी) ७५ मिमी. पूर्ण पोशाख चढवून सायकलवर उभा राहिलो, बायकोने पट्टी धरली: सॅग (नुसत्या वजनाने शॉक दबतो तेवढा) १७ मिमी, म्हणजे जेमतेम २३ टक्के. मला हवा होता तीसच्या जवळ. कॉइलचं गणित सरळ असतं. ४०० ची स्प्रिंग घेतली तर ४५० गुणिले १७ भागिले ४००, म्हणजे १९ मिमी, २५ टक्के. ३५० ची घेतली तर जवळपास २२ मिमी, २९ टक्के. ३५० ची वापरलेली स्प्रिंग ६० डॉलरला मिळाली. तीन वर्षं भाड्याच्या सायकलींवर ब्रेकिंग बम्प्समध्ये (सगळे ब्रेक दाबतात तिथे पडलेल्या खळग्यांत) मागचं चाक उड्या मारायचं आणि मला वाटायचं माझी पायांची पोझिशन चुकतेय. काही अंशी चुकत असेलही.

आतापर्यंतचा दुरुस्तीचा खर्च: फोर्क ७०, बेअरिंग्ज ९६, ब्रेक २१५, स्प्रिंग ६०, मागचा डबल-प्लाय टायर ११०, ग्रिप्स ३०. एकूण ५८१, म्हणजे सायकल ३,४७० ला पडली. मजुरी धरलेली नाही, नाहीतर हिशोब वेगळाच दिसेल. जुने ग्रिप काढताना आत चार थर निघाले, प्रत्येक मेकॅनिकने जुन्याच्या वर नवं गोंद ओतलं होतं.

मे, पार्क उघडल्यावर

पहिली फेरी बी-लाईन, दुसरी क्रँक इट अप. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणावर ‘कट्’ असा आवाज सुरू झाला. डोक्यात लगेच ती अ‍ॅल्युमिनियमची साल. लिफ्टखाली बसून सगळे पिव्हट बोल्ट टॉर्क रेंचने पाहिले, ठीक. शॉकचे बोल्ट ठीक. क्राउनचे बोल्ट ठीक. मग सीट हाताने हलवली आणि ‘कट्’. सीटपोस्ट क्लॅम्प कोरडा होता. डाउनहिलमध्ये सीटवर कोणी बसत नाही, म्हणून सगळ्या हिवाळ्यात तेवढाच नट मी उघडला नव्हता. एक बोट ग्रीस, आवाज बंद.

३७ चं स्टिकर मी काढलेलं नाही. दुपारी चार वाजता लिफ्टच्या रांगेत भाड्याच्या दुकानाचा टी-शर्ट घातलेल्या मुलाने खांद्यावर हात ठेवून अदबीने सांगितलं, की हाफ-डेची सायकल परत करायची वेळ झाली. मग स्वतःच फ्रेमकडे वाकून पाहिलं आणि हसला. गेल्या वर्षी मागचे पॅड तोच बदलायचा म्हणे.

दिवसभरात नऊ फेऱ्या. फोर्क आणि मागचा त्रिकोण, दोन्हींची तक्रार नाही, आणि बोटं संध्याकाळी शाबूत. नवव्या फेरीत मात्र मागच्या रिमचा जुना पोचा एका दगडावर बसला आणि टायरने हवा सोडली. २६ पीएसआय कमी पडले, आता २८ भरतोय, पण पोच्याच्या कडेने सीलंट अजून बुडबुडतंय. रिम प्लायरने सरळ करण्यात अर्थ नाही, तिथे ती आधीच एकदा वाकवून सरळ केलेली दिसते. १५७ मिमीचा हब चांगला आहे, तो ठेवणार. ३२ भोकांची २७.५ ची रिम मागवली आहे. चाक आयुष्यात पहिल्यांदाच विणणार आहे, तेव्हा स्पोकची लांबी दोनदा मोजून तिसऱ्यांदा तुमच्यापैकी कोणाला तरी विचारेन.